डॉक्टरांची गुळाची गोळी

कोणी कण्हायला लागलं की आमच्या डॉक्टरांचा हात आधी स्वतःच्या पोटाकडे जायचा. नवख्या माणसाला वाटे, यांचंच पोट दुखतंय. खरं म्हणजे अफूच्या कपाटाची किल्ली त्यांच्या करदोट्याला बांधलेली असे आणि ती जागेवर आहे ना, हे ते चाचपून बघत. मग म्हणत, "कण्हणं ऐकू आलं. आता दुखतं कुठं ते सांग."

मी त्यांचा कंपाउंडर. एकोणीसशे तीसच्या आगेमागे सोलापुरात अफू परवान्याच्या दुकानात सर्रास मिळे. खोकल्याला अफू, जुलाबाला अफू, गिरणीत जाणाऱ्या आयांच्या तान्ह्यांना झोपवायलाही अफूच. असं पेंगलेलं पोर दवाखान्यात आलं की डॉक्टर आईवर ओरडून ओटा दणाणून सोडत आणि मग त्या पोराला मांडीवर घेऊन, गुदगुल्या करत जागं ठेवत.

एक म्हातारा धनगर गुडघेदुखीपायी अफूला लागला होता. डॉक्टरांनी त्याचं अफूच्या दुकानात जाणं बंद केलं आणि गोळ्या आमच्याकडूनच न्यायला लावल्या. मला हुकूम असा, की दर बाजाराच्या दिवशी गोळीतली अफू थोडी कमी करायची, काळा गूळ आणि कडू किराईत वाढवायचं. सहा महिन्यांत गोळीत अफू औषधालाही उरली नाही. त्यालाही दोन महिने झाले, तरी म्हातारा खूष.

"कालची गोळी लई जालीम व्हती बगा. मेंढरं दुप्पट दिसली की!"

इथे डॉक्टरांना राहवेना. मोठ्या फुशारकीने त्यांनी सांगून टाकलं, "अरे, दोन महिने तू गूळ खातोयस!"

म्हातारा भडकला. "गुळानं गुडगा थांबतुया व्हय? मला येडा समजता?" तो तडक दुकानात गेला आणि पूर्वीएवढी अफू गिळून मोकळा झाला. शरीराची सवय सुटलेली. दुपारी लोकांनी त्याला गाडीत घालून आणलं, तेव्हा ओठ निळे पडले होते.

डॉक्टरांनी त्याला काळी कॉफी पाजली, थोबाडीत दिल्या आणि काखेत हात घालून अंगणातल्या लिंबाभोवती दिवेलागणीपर्यंत चालवलं. तोंडाने शिव्या, डोळ्यांत पाणी. शेवटी म्हातारा पुटपुटला, "डागदर, गुडगा दुकतुया की."

"दुखू दे! दुखू दे!" डॉक्टर मटकन खालीच बसले.

खरं बोलायची त्यांची हौस तिथे फिटली. पुढच्या बाजारी त्यांनी गंभीर चेहऱ्याने म्हाताऱ्याला गोळ्या दिल्या. "ही अस्सल." पुडीत गूळच होता.

तुम्हीही असे हट्टी डॉक्टर पाहिले असतील. दोन वर्षांनी त्यांच्याच पोटात गाठ निघाली. अंथरूण धरलं तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "मी कण्हलो तरी हिला हात लावू नकोस. मला गुळाची गोळी दे. म्हातारा जगला तिच्यावर."

चार दिवस मी हुकूम पाळला. पाचव्या दिवशी त्यांनी उशी दातांत धरलेली पाहिली आणि मला ते सोसवेना. मी कपाट उघडलं.

गोळी तोंडात ठेवून त्यांनी विचारलं, "गुळाचीच ना?"

"गुळाचीच, डॉक्टर."

बऱ्याच वेळाने कपाळावरच्या आठ्या उतरल्या. डोळे न उघडता म्हणाले, "उद्याही याच ढेपेतला दे."

ते गेले, त्यानंतरच्या बाजारी म्हातारा आला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. ओट्यावर टेकला आणि सवयीने कण्हला. आतून उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा, जरा मोठ्याने कण्हला.