एमआरआय नॉर्मल, मास्तर ठणठणीत

माझ्या हुशारीचा एक नमुना सांगतो. तुम्ही निवांत चहा घ्या, चहाची गोष्ट पुढं येणारच आहे.

गेल्या वर्षी माझा उजवा हात थरथरायला लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी मला खोलीत चालवलं, बोटांची उघडझाप करायला लावली आणि म्हणाले, "पार्किन्सनची सुरुवात दिसतेय. गोळ्या सुरू करा. दुसरं काही नाही ना, एवढं बघायला एक एमआरआय काढू."

आता मी शिराळ्यात तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. नुसतं चालताना बघून मेंदूचा आजार कळतो होय? मग ते एवढं मोठं यंत्र काय शोभेला ठेवलंय?

यंत्रात आडवं करून तिथला माणूस म्हणाला, "काका, अजिबात हलायचं न्हाई. हललासा की फोटो बिघडतोय." हलतोय म्हणूनच आणलेल्या माणसाला हा सल्ला. हात पट्ट्यानं बांधून कसंबसं उरकलं.

रिपोर्ट आला. मेंदू नॉर्मल.

मग काय विचारता. रिपोर्ट चार ग्रुपवर टाकला, गोळ्या कपाटात गेल्या.

"आवं, डॉक्टरांस्नी इचारा तरी," बायको म्हणाली.

"डॉक्टर चुकतो, यंत्र चुकत नाही," मी म्हणालो.

चार महिन्यांनी पुतण्याच्या साखरपुड्यात मुलीच्या वडिलांना चहा द्यायला मीच पुढं झालो. निम्मा चहा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. वर मी म्हणतोय, "घाबरू नका, माझा मेंदू नॉर्मल आहे." त्यांनी खुर्ची मागं सरकवली.

दुसऱ्याच दिवशी बायकोनं मला मिरजेला नेलं.

"सर, या आजारात साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "गाठ, पक्षाघात, मेंदूत पाणी साठणं असलं काही नाही ना, ते बघायला तो काढला. आजार ओळखायचा तुमच्या चालण्यावरून, हातावरून. चालताना तुमचा उजवा हात हलतच नाही. कधीपासून?"

"छे, तसं काही नाही," मी म्हणालो.

"दोन वर्सं झाली," बायको म्हणाली. "हात बांधल्यागत चालतायसा, म्हनून कितींदा सांगितलं. तर म्हनं, तुला मेंदूतलं काय कळतंय."

डॉक्टरांनी मान डोलावली, तिच्याकडं बघून.

आता गोळ्या वेळेवर घेतो, हातही बराच ताब्यात आहे. फक्त डॉक्टर तेव्हापासून सगळे प्रश्न तिलाच विचारतात. मला नुसतं चालून दाखवायला सांगतात.