ड्रिल मास्तरांची इटली

शिक्षकांच्या खोलीत बारा-पंधरा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. कुणी मुद्दाम गोळा करत नाही. मधल्या सुट्टीत चहा येतो, कुणीतरी काहीतरी बोलतं आणि ते डोक्यात राहून जातं. माझ्याकडच्या साठ्यातला निम्मा माल एकट्या दत्तोबा हवालदारांचा आहे.

हवालदार म्हणजे शिवाजी पेठेतल्या आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर. महायुद्धात पलटणीबरोबर इटलीत होते. परत आले आणि शिट्टी घेऊन आमच्या मैदानात उभे राहिले. मी भूगोल शिकवायचो.

एकदा मॅट्रिकच्या वर्गात इटलीचा धडा होता. ‘डोंगराळ देश. द्राक्षे, ऑलिव्ह व गहू ही पिके,’ एवढं फळ्यावर लिहून मी पुढच्या देशाकडे निघालो. हवालदार खिडकीबाहेर उभे होते. आत आले आणि नम्रपणे म्हणाले, “सर, येवढ्यात आटपली इटली?”

मी खडू त्यांच्या हातात दिला. त्यांनी देशाच्या मधोमध डोंगराची रांग काढली, तिच्यातून उतरणाऱ्या नद्या काढल्या आणि प्रत्येक ठिकाणी तिथलं द्राक्ष लिहिलं. सांग्रो नदीजवळ मोंतेपुल्चानो, काळंभोर. पश्चिमेला तोस्काना प्रांताच्या टेकड्यांवर सांजोवेझे. वर सेनिओ नदीच्या काठी त्रेब्यानो, हे पांढरं. एका पोरानं विचारलं, मास्तर, एवढी नावं ध्यानात कशी राहिली?

“हर नदीवर आमची माणसं पडली,” हवालदार म्हणाले. “नदी इसरली तर माणसं इसरल्यागत हुतंय.”

त्यानंतर दर वर्षी इटली तेच शिकवायचे. मी मागच्या बाकावर बसायचो.

⁂

पुढच्याच वर्षी इन्स्पेक्टर तपासणीला आले. दारूबंदी नुकतीच लागू झाली होती. त्यांनी इटलीची पिकं विचारली, तर पोरांनी द्राक्षांच्या जाती प्रांतांसह म्हणून दाखवल्या. इन्स्पेक्टरांनी आधी कौतुक केलं, मग त्यांच्या लक्षात आलं की ही सगळी दारूची द्राक्षं आहेत. हेडमास्तरांच्या खोलीत हवालदारांना बोलावणं गेलं. शाळेत दारूचे धडे देता काय, असा सवाल झाला. आता यांची नोकरी जाते, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

हवालदार अटेन्शनमध्ये उभे. म्हणाले, “साहेब, मी फळापत्तोरच शिकवलंय. फुडचं त्या लोकांनी ठरवलं.”

शेऱ्यांच्या वहीत इन्स्पेक्टरांनी लिहिलं, ‘भूगोल उत्तम.’

⁂

गंमत म्हणजे हवालदारांनी तिथं थेंबही घेतला नव्हता. तालमीत वस्तादांच्या समोर शपथ घेतलेली. तोस्कानात एका शेतकऱ्याच्या घरी त्यांची तुकडी काही आठवडे राहिली. द्राक्षं काढायचे दिवस होते. गडी माणसं सगळी लढाईवर गेलेली, म्हणून हवालदारांनी हात लावला. म्हाताऱ्या शेतकऱ्यानं खूश होऊन ग्लास पुढं केला. यांनी नाही म्हटलं. म्हातारा रुसला. पाहुण्यानं घरची वाइन नाकारणं म्हणजे घराला नाव ठेवणंच की.

काय करणार? हवालदारांनी समोरची द्राक्षांची टोपली ओढली आणि मांडी घालून खायला बसले. बारीक मणी, जाड साल, आत बियाच बिया. टोपली रिकामी करूनच उठले. मग म्हाताऱ्यानं त्यांना हाताला धरून गावात फिरवलं आणि दारोदारी सांगितलं, हा हिंदुस्थानी शिपाई आपली वाइन घेतो, फक्त चावून घेतो!

थंडीत वेलीची छाटणी कशी करायची, तेही त्याच म्हाताऱ्यानं त्यांना शिकवलं.

⁂

आमच्यात भूपाल अण्णा होते, गणिताचे. कुरुंदवाडचे जैन, घरची नदीकाठची शेती. हवालदारांचं ऐकून ऐकून त्यांनी बांधालगत चांगल्या निचऱ्याची जागा पाहून द्राक्षं लावली. जात भोकरी, नाशिककडून आणलेली. वेल पांगाऱ्याच्या झाडांवर चढवले. तोस्कानातही वेल झाडांवरच चढवतात, हे हवालदारांनी अभिमानानं सांगितलं.

वेल भरात आल्यावर हवालदार ऐन जानेवारीत कात्री घेऊन गेले आणि इटलीच्या पद्धतीनं छाटून आले. वेल फुटले, पानंच पानं. घड एकही नाही. सगळं कुरुंदवाड बघून गेलं. अण्णांच्या अव्वा, म्हणजे आई, म्हणाल्या, “मास्तर, आता ह्या पाल्याची भाजी करू काय?”

हवालदारांनी सबबी सांगितल्या नाहीत. सोमवारी शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमोर म्हणाले, “चूक माझी. तिकडं थंडीत वेल झोपतोय. हितं झोपतच न्हाई. मी इचारलं न्हाई त्याला.”

मे महिन्याच्या सुट्टीत ते स्वतः नाशिककडे गेले, बागांतून हिंडले. आपल्याकडे छाटणी दोनदा, आणि घडांसाठीची दसऱ्याच्या सुमारास, हे शिकून आले. पुढच्या फाल्गुनात अण्णांनी टेबलावर वेताची पाटी ठेवली. हिरवट पिवळे, टपोरे घड. अण्णा नुसते मिशीत हसत होते. हवालदारांनी पहिला घड अव्वांसाठी परत पाठवला.

⁂

आणि आता हा शेवटचा किस्सा. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला एक इटालियन इंजिनिअर जिल्ह्यात आला होता. हेडमास्तरांनी त्याला शाळेत चहाला बोलावलं. खरं सांगतो, हवालदार म्हणायचे तशी त्यांना इटालियन भाषा खरंच येते का, हे आमच्यातल्या काहींना एकदा बघायचंच होतं. मलाही.

समोर अण्णांची द्राक्षं. पाहुण्यानं एक मणी खाल्ला आणि इंग्रजीत हेडमास्तरांना काही विचारलं. उत्तर कोपऱ्यातून हवालदारांनी दिलं, त्याच्या भाषेत. पाहुणा खुर्चीसकट वळला.

पाव तास दोघं बोलत होते. आम्हाला एक अक्षर कळेना, पण आमच्या माना ताठ झाल्या होत्या. मध्येच पाहुण्यानं पुढं वाकून काहीतरी विचारलं. हवालदार खाली बघून सावकाश काहीतरी बोलले. मग पाहुणा उठला, त्यानं हवालदारांचा हात दोन्ही हातांत बराच वेळ धरून ठेवला आणि निघाला.

गाडी गेल्यावर मी विचारलं, काय बोलणं झालं?

“त्येच्या बापाची बाग हुती डोंगरात,” हवालदार म्हणाले. “लढाईत वेली कुणीतरी मुळापास्नं तोडल्या. त्यानं इचारलं, तुमी त्या खोऱ्यात हुता, तुमाला ठावं हाय का कुणी?”

“मग?”

“सांगितलं, आमीबी तोडल्यात. थंडी हुती, जळण न्हवतं.”

अण्णांनी हळूच विचारलं, “त्यावर काय म्हणाला तो?”

हवालदारांनी गळ्यातली शिट्टी सारखी केली.

“म्हणाला, बापानं परत लावल्यात. छाटायला या.”