चारोटी नाक्यावरची साक्ष

लग्न होऊन मी डहाणूला आले, तेव्हा तलासरीजवळच्या एका शाळेत मला नोकरी होती आणि यजमान रेल्वेत होते. बिऱ्हाड डहाणू रोड स्टेशनाजवळ, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. रोज सकाळी एस.टी.ने चारोटीपर्यंत जायचं, तिथे हायवेवर उतरायचं आणि तलासरीकडे जाणारी गाडी पकडायची, हा माझा नेम होता. ऐंशीचं दशक तेव्हा निम्मं उलटून गेलं होतं.

चारोटीला गाडी कधी लगेच मिळे, कधी ताटकळत उभं राहावं लागे. उभं राहायचा मला कंटाळा नव्हता. नाक्यावर चहाभज्यांची हॉटेलं होती, पंक्चरवाले होते, मुंबईकडून आणि गुजरातकडून येणाऱ्या ट्रकांची अखंड रीघ होती. मराठी, गुजराती, हिंदी, शिवाय आतल्या पाड्यांवरून आलेल्या लोकांची बोली, सगळं एकाच वेळी कानावर पडायचं. माझ्यासारखे नोकरदार बरेच असत. कुणी तलाठी, कुणी नर्स, दोघी-तिघी शिक्षिका. आम्ही बायका एका बाजूला घोळका करून उभ्या राहायचो.

दुसऱ्या बाजूला किनाऱ्यावरच्या मासेवाल्या बायका. सुके बोंबील, जवळा, सुकट घेऊन त्या तलासरी-उधव्याकडच्या बाजारांना जायच्या. गाडीत त्यांच्या टोपल्यांवरून रोज कुरबुर व्हायची. कंडक्टर त्यांना मागे पिटाळायचा, आमच्यातली एखादी नाकाला पदर लावायची. त्या मात्र आपसांत हसत-खिदळत मागच्या बाकांवर बसायच्या. त्यांच्यातल्या एका पन्नाशीच्या बाईशी माझी चांगली ओळख झाली होती. आवाज घोगरा, कपाळाला ठसठशीत कुंकू. दिसली की विचारायची, “बाई, आज काय शिकवणार पोरांना?” मी सांगायचे, बेरीज शिकवणार, नाहीतर नकाशा. ती मान डोलवायची आणि म्हणायची, “शिकवा, शिकवा.”

एका सकाळी आम्ही दोघी एकाच गाडीतून चारोटीला उतरलो. त्या दिवशी तिला आधी हायवे ओलांडून पलीकडच्या एका गिऱ्हाइकाला जवळा द्यायचा होता. मी गाडीची वाट बघत कडेलाच थांबले होते. डोक्यावर टोपली घेऊन ती दोन्हीकडे नीट बघून निघाली. तेवढ्यात थांबलेल्या एस.टी.ला चुकीच्या बाजूने ओलांडत एक ट्रक आला. तो दिसायला आणि तिला धक्का बसायला एकच गाठ पडली. टोपली उडाली, जवळा रस्ताभर पसरला आणि ती कडेला फेकली गेली.

ट्रक थोडा पुढे जाऊन थांबला. लोक धावत आले, पण तिच्याभोवती कडं करून उभे राहिले. डोक्यातून रक्त येत होतं, एक पाय वेडावाकडा दुमडला होता. ती शुद्धीवर होती आणि कण्हत होती.

“हात लावू नका,” कुणीतरी म्हणालं. “पोलीस केस आहे.”

“अंगाशी येईल.”

त्या लोकांना मी निर्दय म्हणणार नाही. त्या काळी सगळे तसंच मानायचे. जखमीला उचललं की पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतात, जबाब घेतात, फेऱ्या मारायला लावतात, अशा गोष्टी प्रत्येकाने ऐकलेल्या होत्या. मीही ऐकल्या होत्या. मी काही धीट बाई नव्हते. घरात पाल निघाली तरी यजमानांना हाक मारायचे. पण ती ओळखीची होती. थोड्या वेळापूर्वीच तिने मला विचारलं होतं, आज काय शिकवणार म्हणून. मी कडं सारून आत गेले, खाली बसले आणि माझी ओढणीवजा शाल तिच्या डोक्याला घट्ट धरली.

“बाई,” ती म्हणाली, “माझी टोपली...”

“टोपली राहू दे. बोलू नकोस. मी आहे.”

मी वर पाहिलं आणि वर्गात ओरडते तशी ओरडले, “अहो, गाडी थांबवा कुणीतरी!”

त्या आवाजाने की कशाने कोण जाणे, पण कडं मोडलं. दोघे-तिघे रस्त्यात जाऊन हात करू लागले. ट्रक थांबले नाहीत, एक मोटार वेग कमी करून पुन्हा निघून गेली. मग चिकूच्या पेट्या भरलेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर गुजराती होता. त्याने खाली उतरून पाहिलं आणि एवढंच म्हणाला, “चालो, चालो, वार ना करो.” उशीर करू नका, म्हणजे. आणि स्वतःच पेट्या सरकवायला लागला. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकांना उठवून एक बाकडं आणलं. त्यावर तिला निजवून चौघांनी टेम्पोत चढवलं. मी तिच्या उशाशी बसले. सरकारी दवाखान्यापर्यंत वाट फार नव्हती, पण प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात आवळत होती.

डॉक्टरांनी टाके घातले, पायाला तात्पुरत्या पट्ट्या बांधल्या आणि मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. तिच्या घरचे येईपर्यंत मी थांबले. तेवढ्यात हवालदार ट्रकवाल्याला घेऊन तिथे आला. ट्रकवाला सांगत होता, म्हातारी धावत मधे आली.

“कुणी पाहिलंय का?” हवालदाराने विचारलं.

आमच्याबरोबर टेम्पोतून आलेल्या हॉटेलवाल्याने पाहिलं नव्हतं, टेम्पोवाला नंतर आलेला. बाकीचे पांगले होते.

“मी पाहिलं,” मी म्हणाले.

“मॅडम, विचार करून सांगा. कोर्टात यावं लागेल.”

“येईन.”

ते “येईन” किती सहज तोंडून गेलं, याचं मला पुढे पुष्कळ दिवस नवल वाटत राहिलं.

घरी यजमान चिडले. “मदत केलीस ते उत्तम केलंस. पण साक्षीला नाव कशाला दिलंस? आपण नोकरदार माणसं.” त्यांचं रागावणं काळजीपोटी होतं, हे मला कळत होतं. शेजारच्या काकूंनी तर कोर्टाची पायरी चढलेल्या आपल्या सगळ्या नातेवाइकांच्या हकिगती मला ऐकवल्या. काही दिवसांनी ट्रकमालकाचा एक माणूस घरी येऊन गेला. अगदी गोड बोलला. “ताई, तुम्ही शिक्षिका, तुमचा वेळ मोलाचा. तारखेला नाही आलात तरी कुणी काही म्हणणार नाही. ती बाई आता बरी आहे ना?” तो गेल्यावर मी दार लावून घेतलं. त्या क्षणी यजमान “नको जाऊस” म्हणाले असते, तर मी कदाचित मानलं असतं. ते उठले, चहा ठेवला आणि म्हणाले, “हा माणूस आला नसता तर मी तुला अडवलं असतं. आता नाही अडवणार. मी रजा काढतो, बरोबर येतो.”

त्याच सुमाराला शाळेत मी नागरिकशास्त्राचा धडा घेत होते, नागरिकांची कर्तव्यं. माझी बहुतेक मुलं आसपासच्या पाड्यांवरची. पुस्तकातली मराठी त्यांना जड जायची, म्हणून मी धडा मोडून साध्या बोलीत सांगायचे. सांगता सांगता एक मुलगी उठली. “बाई, चारोटीला तुम्हीच व्हत्या ना? माझा बा सांगत व्हता, एक मास्तरीण टेम्पोत बसून गेली.” मी हो म्हटलं. मग वर्गाला सगळं ऐकायचंच होतं. धडा तसाच राहिला. ट्रक कुठल्या बाजूने आला, मासेवाली मावशी कुठे उभी होती, हे मी फळ्यावर खडूने काढून दाखवलं. मुलांनी इतके प्रश्न विचारले, की पुढे कोर्टातही तितके कुणी विचारले नाहीत.

डहाणूच्या कोर्टात तारखा पडत गेल्या. कधी वकील नसायचे, कधी साहेब रजेवर. वऱ्हांड्यात बसून मी मुलांच्या वह्या तपासायचे आणि यजमान वर्तमानपत्र कोळून प्यायचे. शेवटी माझी साक्ष निघाली. समोरच्या वकिलांनी उलटतपासणी घेतली.

“तुम्ही बसची वाट बघत होतात. तुमचं सगळं लक्ष बसकडे असणार. ट्रक कुठून आला हे तुम्हाला कसं दिसलं?”

“बसची वाट बघणाऱ्याचं लक्ष रस्त्यावरच असतं, साहेब,” मी म्हणाले. “दुसरीकडे बघितलं तर बस जाते.”

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले.

निकाल ट्रकवाल्याच्या विरुद्ध गेला. ते ऐकून मला विजय वगैरे वाटला नाही. तो पोरगेलासा ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. त्यालाही कुणीतरी घाई करायला लावली असणार. बाहेर आल्यावर ती मासेवाली लंगडत माझ्याजवळ आली. रडेल असं वाटलं होतं, पण तिने माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि यजमानांना म्हणाली, “हिला जपा.” त्या पायाने तिला उधव्यापर्यंत जाणं जमेना. मग ती डहाणूच्याच बाजारात बसू लागली. मी गेले की शेजारणीला सांगायची, “ही माझी साक्षीदार.” जणू काही ते नात्याचं नावच आहे.

चारोटीला मी पुढेही कितीतरी वर्षं उभी राहिले. मला जाणवलं, तिथे काहीतरी हळूहळू बदलत होतं. कुणी सभा घेतली नाही, पाटी लावली नाही. हॉटेलवाल्याने एक जुनी खाट मागच्या बाजूला ठेवली, हवालदाराने त्याला ठाण्यावर फोन कसा करायचा ते सांगून ठेवलं. चिकूवाला टेम्पो नाक्यावरून जाताना ओळखीचा हॉर्न वाजवायचा. गाडीत आमच्यातल्या दोघी मासेवाल्यांना सरकून जागा द्यायला लागल्या, तर बाकीच्या आधीसारख्याच नाकाला पदर लावत राहिल्या. सगळं जग काही सुधारलं नाही. पण “हात लावू नका” हे वाक्य मला तिथे पूर्वीसारखं ऐकू येईना. माझ्यामुळेच हे झालं, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी टेम्पो थांबला नसता, बाकडं आलं नसतं, घरी यजमानांनी चहा ठेवण्याऐवजी नकार दिला असता, तर माझ्या ओरडण्याचा काय उपयोग होता? पण पहिल्यांदा कुणीतरी खाली बसावं लागतं, एवढं मात्र मला पटलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका दुपारी शाळेतून परतताना चारोटीला गर्दी दिसली. एक सायकलस्वार मोटारीच्या धक्क्याने पडला होता. मी लगबगीने पुढे झाले. बघते तो माणसाला खाटेवर घेतलेलंही होतं. कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी त्याच्या हाताला रुमाल बांधत होती. दोन माणसं जीप थांबवून उभी होती आणि तिसरा मोठ्याने सांगत होता, “मी बघितलंय सगळं, माझं नाव घ्या.” त्यातलं कुणीही मला ओळखत नव्हतं. माझ्यासाठी काहीच काम उरलं नव्हतं. त्या मुलीची पर्स खाली पडली होती, ती उचलून मी तिला दिली. “थँक्यू, मावशी,” ती माझ्याकडे न बघताच म्हणाली.

जीप निघून गेली. डहाणूची गाडी आली, बसायला खिडकीची जागा मिळाली. वाटेतलं आशागड मागे पडेपर्यंत मी उगाचच हसत होते. शेजारच्या बाईने विचारलंही, “काय झालं हो?”

“काही नाही,” मी म्हणाले. “बरं वाटलं.”