पालेभाजी खात नाही

शाहूपुरीच्या एका बोळात कल्लाप्पा मगदूम यांचं काटे दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान आपलं म्हणायला. कल्लाप्पा आत बसले की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहावं एवढीच जागा. चाळीस वर्षं ते तिथं बसून लोकांचे तराजू सरळ करतात. एखाद्या दुकानदारानं पारड्याखाली चिंच चिकटवली असेल तर त्यांना ती नुसत्या दांडीच्या झुकण्यावरून कळते, आणि मग त्या दुकानदाराची सगळ्या बोळासमोर बिनपाण्यानं होते. पेठ वडगाव, मुरगूड, गडहिंग्लज, जिथं बाजार असेल तिथं ते हत्यारांची पेटी घेऊन एसटीनं जातात. गुंजभर फरकही त्यांना खपत नाही. असा माणूस घरात नकोसाच व्हायचा, पण रत्नाबाईंनी त्याला हसतखेळत सांभाळून घेतलं होतं.

रत्नाबाई गडहिंग्लजकडच्या. लहानपणी त्यांचे सांधे सुजले, ताप आला, चार दिवसांनी गेला. जाताना हृदयाची एक झडप खराब करून गेला, हे मात्र लेक भाग्यश्री जन्मल्यावर कळलं. मग वर्षामागून वर्षं दम लागत गेला. बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पाच पायऱ्या चढून देवाचं दर्शन घ्यायचं तरी त्या मधे दोनदा बसायच्या. अठरा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं आणि त्या जागी धातूची झडप बसली. दुपारी लाईट जाऊन पंखा थांबला की शेजारी बसलेल्याला तिची टिकटिक ऐकू यायची. रत्नाबाई लाजायच्या. कल्लाप्पांना मात्र तो आवाज फार आवडायचा. ते मुद्दाम गप्प राहून ऐकत.

धातूच्या झडपेची एक खोड असते. तिच्यावर रक्त साकळतं, आणि तिथली गुठळी सुटली की रक्ताबरोबर थेट मेंदूत जाऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची. ती जास्त झाली तर रक्त वाहायला लागतं, कमी झाली तर गुठळी होते. रक्त तपासून एक आकडा काढतात; रत्नाबाईंचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे राहायला हवा होता. हे समजायला शिकलेल्या माणसांना चार भेटी लागतात. कल्लाप्पांना पहिल्या भेटीतच समजलं. "म्हंजे काटा मधी ठेवायचा," ते डॉक्टरांना म्हणाले, आणि त्या दिवसापासून गोळीचं खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं.

घरचे जुने डॉक्टर गणपतराव होते तोवर सगळं सुरळीत चाललं. दर महिन्याला रक्त तपासायचं, कागद त्यांच्यासमोर ठेवायचा. ते चष्म्यावरून बघत आणि गोळी तीच ठेवत किंवा थोडी कमीजास्त करत. कारण कधी सांगत नसत, आणि कल्लाप्पा, हा काट्यातला किडा, जगाला प्रश्न विचारून हैराण करणारा, त्यांना कधी विचारत नसे. तारीख, आकडा, गोळी, एवढं तो वहीत लिहून घेई. मागच्या वर्षी गणपतराव वारले. कल्लाप्पांनी वही उचलली आणि रत्नाबाईंना एका नव्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथले डॉक्टर तरुण, हुशार, पण लांबच्या मुलखातले.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मगदुमांच्या घरात कुणी कधी सांगितलीच नसती. पाणी ओलं असतं हे कुणी पाहुण्याला सांगतं का? चातुर्मासाचे चार महिने त्यांच्या घरात पालेभाजी येत नाही. पावसाळ्यात पानापानावर जीव असतो, तो जीव पोटात जाऊ नये म्हणून हा नेम. रत्नाबाईंनी लग्नाआधीपासून तो पाळला होता. आषाढात मेथी, शेपू, चाकवत, आंबाडी सगळं बंद. दिवाळी होऊन चातुर्मास सुटला की मग मात्र पालेभाजीवर तुटून पडायच्या. पालेभाजी हा त्यांचा एकुलता एक हावरटपणा. मंडईतली चिमणाबाई त्यांच्यासाठी पहिली कोवळी मेथी बाजूला काढून ठेवायची आणि ती घरी आणायची कल्लाप्पांनी.

त्या वर्षी भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस रत्नाबाईंनी एकवेळ जेवून काढले. संपताच दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. आकडा बघितला तर चार पूर्णांक नऊ. नव्या डॉक्टरांनी गोळी चार मिलिग्रॅमवरून अडीचवर आणली. आत नर्सबाई एक छापील कागद भरत होत्या. दारू, तंबाखू, दुसऱ्या गोळ्या, असं विचारत विचारत त्या पालेभाजीवर आल्या. रत्नाबाई म्हणाल्या, "न्हाय बाई, आमी पालेभाजी खात न्हाय." नर्सबाईंनी लिहून घेतलं. शेजारी बसलेल्या कल्लाप्पांनी मान डोलावली. दोघंही खरंच बोलत होते.

पंधरा दिवसांनी आकडा तीन पूर्णांक एक आला. काटा मधे आला, कल्लाप्पा खूश झाले. पुढची तपासणी महिन्याने, ती आली दिवाळीत. दिवाळीत कुठं सुया टोचत बसायचं, असं रत्नाबाईच म्हणाल्या. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली, जो तो काटा तपासून मागू लागला, आणि कल्लाप्पांनी तपासणी आणखी पुढे ढकलली. गोळी तर रोज चालू होती. रोज संध्याकाळी, दिवस बुडायच्या आत, ते स्वतः पाण्याचा पेला हातात देत. एक दिवसही चुकला नाही. आणि रोज सकाळी चिमणाबाईकडून पिशवी भरून आणत. मेथी झाली, शेपू झाला, हरभऱ्याचा पाला झाला. चार महिन्यांची उपासलेली बाई दोन्ही वेळेला पालेभाजी आणि भाकरी खात होती आणि हा माणूस समोर बसून कौतुकानं बघत होता.

पालेभाजी सुरू झाल्यावर पाचव्या आठवड्यात एका दुपारी लाईट गेली. पंखा थांबला. कल्लाप्पांना टिकटिक ऐकू आली, पण जाडसर, कापडात गुंडाळल्यागत. आपले कान गेले आता, असं त्यांना वाटलं. साठी उलटल्यावर कान जायचेच. दिवसभर लोखंडावर हातोडी मारणाऱ्याचे तर आधीच जायचे. ते रत्नाबाईंना काही बोलले नाहीत.

त्यानंतर चार दिवसांनी ते गडहिंग्लजच्या बाजाराला गेले. दुपारी बारा वाजता घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. बस्तीत गेली असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. परतीच्या आधी बाजारात लाल देठाची आंबाडी दिसली, रत्नाबाईंच्या माहेरची. दोन जुड्या घेतल्या. संध्याकाळी पाच वाजता घरी आले तेव्हा रत्नाबाई स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. अंगावरून वारं गेलेलं. उजवा हात अंगाखाली अडकलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे. परातीतलं पीठ वरून वाळलं होतं. त्यांनी हाक मारली, तर डोळे त्यांच्याकडे वळले. तेवढंच. आंबाडीची पिशवी कल्लाप्पांच्या हातातच होती आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत हातातच राहिली.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. किती वाजता पडल्या, डॉक्टरांनी विचारलं. कल्लाप्पांना सांगता येईना. पीठ वाळलेलं, फोन बाराला वाजून गेलेला. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. आकडा आला एक पूर्णांक दोन. झडपेवर गुठळी धरली होती आणि तिचाच तुकडा सुटून मेंदूत गेला होता. घरात काही बदललं का, गोळी चुकली का, डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते. कल्लाप्पा ठामपणे सांगत होते की काहीही बदललेलं नाही, सतरा वर्षांत एक गोळी चुकलेली नाही. त्यांना त्या डॉक्टरांचा राग येत होता. गोळी ह्यांनीच कमी केली आणि आता आम्हाला विचारतात, असं ते सांगलीहून धावत आलेल्या भाग्यश्रीला म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आहार सांगणाऱ्या बाई वॉर्डात आल्या. नळीतून काय द्यायचं ते ठरवायचं होतं. त्यांनी फाईल चाळली आणि वाचलं, "पालेभाजी खात नाही. बरोबर ना?"

कल्लाप्पांनी सवयीनं मान डोलावली. मग थांबले.

"ते चातुर्मासात," ते म्हणाले.

बाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी हळूहळू, चुकलेल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. पालेभाजीत असं काही असतं की ते ह्या गोळीचा जोर मारतं. खाणं सारखं असेल तर गोळी त्या हिशोबानं बसवता येते. आषाढापासून भाजी नाही, म्हणून आकडा वर गेला. म्हणून गोळी कमी केली. आणि मग भाजी सुरू झाली. किती खात होत्या, त्यांनी विचारलं. भाग्यश्रीनं वडिलांकडे बघितलं. कल्लाप्पा म्हणाले, "रोज. दोन्ही येळंला. मीच आणत हुतो."

संध्याकाळी त्यांनी भाग्यश्रीला वही आणायला लावली. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून सोळा वर्षांची पानं उलटली. दर आषाढानंतर गोळी कमी. दर दिवाळीत गोळी वाढलेली, आणि दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी हटकून एक जादा तपासणी. सोळाच्या सोळा वर्षं. सगळं स्वतःच्या अक्षरात. गणपतराव डॉक्टरांना चातुर्मास ठाऊक होता. ते न बोलता पारड्यात तोल साधणारा पासंग टाकत होते, आणि ज्याचा जन्म पासंग ओळखण्यात गेला त्याला तो एकदाही दिसला नव्हता. आता विचारावं तर गणपतरावही उरले नव्हते. कल्लाप्पांनी वही मिटली आणि त्या बाकावर सगळ्यांदेखत तोंडावर उपरणं धरून रडले. भाग्यश्री म्हणाली, "आण्णा, तुमास्नी काय ठावं हुतं?" त्यांना हेच सोसत नव्हतं. ठाऊक व्हायला हवं होतं ते सगळं त्यांच्याच वहीत होतं.

रत्नाबाई वाचल्या. दीड महिन्यानं घरी आल्या. उजवा हात आणि पाय कायमचे गेले. बोलण्यातला एकच शब्द उरला, "बरं". भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, राग आला तरी बरं. समजतं किती, हे डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. काही दिवस सगळं समजेल, काही दिवस नाही, असं ते म्हणाले. खाण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगितलं: पालेभाजी बारा महिने रोज सारखी द्या, नाहीतर बारा महिने बंद ठेवा. कल्लाप्पांनी बंद ठेवली. जिला तोंडानं नाही म्हणता येत नाही तिचा नेम आपण मोडायचा, हे त्यांच्याच्यानं होईना. दुकान आता दोन तास उघडतं. बाजार सुटले. आकडा दर पंधरा दिवसांनी तपासतात आणि तो बरोबर असतो. दोन पूर्णांक नऊ, तीन, दोन पूर्णांक आठ. कशासाठी बरोबर ठेवायचा, हे त्यांना कळत नाही. पण ठेवतात.

यंदाची दिवाळी झाली. चिमणाबाईला आजारपण कळलं होतं, त्यातलं भाजीचं काही कळलेलं नव्हतं. ती एका दुपारी खुर्चीतल्या रत्नाबाईंना भेटायला आली, रडली, आणि जाताना मेथीची कोवळी जुडी त्यांच्या मांडीवर ठेवून गेली. कल्लाप्पा तिला बोळाच्या तोंडापर्यंत सोडून परत आले तर रत्नाबाई डाव्या हातानं मेथी निवडत होत्या. एक काडी ओठांत धरायची, हातानं पानं ओढायची, मांडीवर ठेवायची. वर्षभरात त्यांचा चेहरा इतका जिवंत दिसला नव्हता.

कल्लाप्पांनी जुडीला हात घातला. रत्नाबाईंनी ती घट्ट धरली. कल्लाप्पांनी ओढली, तर रत्नाबाईंच्या घशातून आवाज निघाला आणि डोळे भरले. कल्लाप्पा खुर्चीपुढे खाली बसले. वर्षभर हे बोलायचं राहिलं होतं.

"रत्ना, ह्या भाजीनंच झालंय बघ. आन् भाजी मी आणली. रोज मीच आणून घातली तुला. मला कळाय पायजे हुतं."

रत्नाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. लाईट गेलेली होती, पंखा बंद होता, आणि टिकटिक अगदी साफ ऐकू येत होती. मग त्या म्हणाल्या, "बरं."

कल्लाप्पांनी त्यांचा चेहरा निरखून निरखून पाहिला. आयुष्यभर दांडीकडे बघून वजन सांगणाऱ्या त्या माणसाला हे पारडं कुणीकडे झुकलं ते सांगता आलं नाही. शेवटी रत्नाबाईंच्या बोटांतून जुडी सोडवून त्यांनी बाजूला ठेवली, आणि मांडीवर पडलेली पानं एकेक करून उचलायला लागले. पान उचललं की रत्नाबाई म्हणत, "बरं." पुढचं उचललं की पुन्हा, "बरं." पानं संपेपर्यंत त्या म्हणत राहिल्या.