कोपऱ्यातला राक्षस

प्रकाशा गावच्या कमलबाईला सिनेमा कसा बघायचा ते शेवटपर्यंत कळलं नाही, असं गावातल्या बाया म्हणत. तंबू जत्रेत लागो नाहीतर शहाद्याला, ती जाणारच. पण सगळं जग देवाकडे बघत असताना हिची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे मेलेले राक्षस पडलेले असत. पुढे बोलपट आले, देव बोलायला लागले, गायला लागले, तरी ही आपली मढीच निरखणार. कोणी विचारलंच तर म्हणायची, "जित्यासकडे देखाले तुम्ही शेतस ना."

बाया हसायच्या. त्यांचं काय जातंय हसायला! खरी गोष्ट ठाऊक असणारी दुसरी बाई एकच होती, आणि ती कधीच गेली होती.

कमलबाईचा नवरा भिला. तापीकाठच्या काळ्या जमिनीत राबायचं सोडून हा गडी गोष्टींच्या मागे. देवळात पोथी लागली की बैल दावणीला उपाशी आणि हा पोथीपुढे मांडी घालून बसलेला. राक्षस मेला की लोक जयजयकार करत, आणि हा भलत्या वेळी भलतंच विचारायचा, "महाराज, त्या राक्षसना घर कोन व्हतं?" पोथी वाचणारे चिडायचे. राक्षसाला कसलं आलंय घरदार! भिला घरी येऊन कमलबाईला म्हणायचा, "घरवाली ते व्हईच ना वं त्यानी."

लग्नाला तीन वर्षं झाली असतील, मिरचीची गाडी घेऊन तो नंदुरबारला गेला. बैलगाडी शेजाऱ्याबरोबर परत आली. भिला सुरतेच्या आगगाडीत बसला तो बसलाच. ना निरोप, ना सांगावा.

मागे दोघी राहिल्या, कमलबाई आणि तिची सासू फुलवंताबाई. सहा वर्षं त्या बाईने गावाचे टोमणे गिळले. पाणवठ्यावर कोणीतरी विचारायचंच, "उना का वं भिला?" आणि मागे फिसफिस हसू. पण श्रावणात कानबाईचे रोट आले की फुलवंताबाईची मान ताठ व्हायची. देवीच्या नैवेद्याच्या या रोटांचा गहू भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ काढायचा आणि कुळातल्या वडीलधाऱ्या बाईने काढायचा. वडीलधारी तीच. ती सगळ्यांच्या बरोबरीने भिलाची मूठ काढायची. जिवंत माणसाचीच मूठ निघते. तेवढ्या मुठीवर कमलबाईचं कुंकू टिकून होतं.

चुलतसासरा हिंमतराव याला ते खुपायचं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या दोन मुली लग्नाच्या होत्या, आणि प्रत्येक सोयरा आधी पळून गेलेल्या पुतण्याची चौकशी करायचा. मेला असता तर बरं, असं तो बोलून दाखवत नव्हता इतकंच.

त्या वर्षी शिवरात्रीच्या जत्रेत सिनेमाचा तंबू आला. मुका सिनेमा. पडद्याशेजारी चुनीलाल नावाचा माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा, देवाचा आवाजही त्याचाच आणि राक्षसाचाही. लोक चपला बाहेर काढून आत गेले. पडद्यावर देव आला तशी फुलं उडाली, कोणी नारळ फोडला. देवाने चक्र सोडलं. राक्षसाच्या दारावर भाला घेऊन उभा असलेला एक धिप्पाड पहारेकरी कोसळला आणि कोपऱ्यात उताणा पडला. डावी भिवई मधोमध तुटलेली. लहानपणी बैलाचं शिंग लागलं होतं तिथे.

"मन्हा भिला!" फुलवंताबाई ओरडली.

तंबूत जयजयकार चालला होता, तिचं कोण ऐकतो! सगळे देवाचं तेज बघत होते. कमलबाई मात्र त्या पडलेल्या तोंडाकडे बघत राहिली. डोळे उघडे, नजर वर. आणि मग त्याची पापणी लवली. एकदाच. चुलीचा धूर डोळ्यांत गेला की लवायची तशीच. फुलवंताबाईने पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

आता गाव काही खुळं नव्हतं. नाटक आहे, रंग फासलेले लोक आहेत, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण ज्याच्यापुढे नारळ फोडला त्या देवाला खोटं म्हणायची कोणाची छाती? आणि पोथी सांगते, देवाच्या हातून मेला तो तरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाया फुलवंताबाईच्या पाया पडायला आल्या. सहा वर्षं फिसफिसणाऱ्या त्याच बाया! पळपुट्याची आई एका रात्रीत उद्धरून गेलेल्याची आई झाली. तिने पाय मागे घेतले नाहीत.

हिंमतराव ओसरीवर बसून म्हणाला, "नाटक शे, माले बी समजस. पन सहा वरीस व्हई गयात. देवनी दखाडं ते काय उगाच? क्रिया करी टाकूत."

कमलबाई दाराआडून सासूला म्हणाली, पण आवाज ओसरीवर जाईल असा, "आत्याबाई, काकास्ले सांगा, त्यास्नी पापनी हालनी. पडना नंतर हालनी. मरेल मानूस पापनी हालाडस का?"

फुलवंताबाई काही बोलली नाही. हिंमतराव मात्र विचारात पडला. "ठीक शे. आज परत देखूत," तो म्हणाला.

संध्याकाळी सगळे भाऊबंद पुढे बसले. चक्र सुटलं, भिला कोसळला. पडदा एकदा दचकला आणि एकदम देवाचा चेहरा आला. मध्ये भिला पडून होता तेवढा वेळ दगडासारखा पडून होता.

ती धावत तंबूमागे गेली. चुनीलाल पान जमवत होता. काल दुसऱ्या खेळाला फीत नेमकी तिथेच अडकून जळाली होती, चार बोटं फीत कापून टाकून त्याने जोड दिला होता. मेलेल्या राक्षसाकडे कोण बघतो, असं त्याला वाटलं. फीत भाड्याची, त्यातलं माणूस कुठलं ते त्याला ठाऊक नव्हतं.

"काकास्ले तेवढं सांगा दादा. नाटक व्हतं, उठीसन घर गया आसंन तो, एवढंच सांगा."

चुनीलालने तिच्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिलं. वाईट त्यालाही वाटलं असावं. पण तो म्हणाला, "बहेन, राक्षस खोटा मरना आसं मी सांगं, ते देव बी खोटा पडी. मंग आठे चपला कोन काढी?"

तिने स्वतःच हिंमतरावाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, काल होती ती पापणी आज जळाली, सोय बरी आहे! प्रकरण तिथे मिटलं.

तापी-गोमाईच्या संगमावर दर्भाचा पुतळा करून भिलाला अग्नी दिला. बांगड्या फोडायची वेळ आली तेव्हा कमलबाईने दोन्ही हात सासूपुढे धरले. "तुम्हीच फोडा. त्यास्नी माय शेतस तुम्ही." फुलवंताबाईने दगड उचलला. एकेक करून सगळ्या फोडल्या.

त्यानंतर कमलबाईला तो डोळा सुटेना. भाकर थापताना, विहिरीत वाकताना तो उघडा डोळा पाठीमागे असायचा. आपण मान वळवली की लवणार, असं वाटून ती गर्रकन वळायची. तिथे कोणी नसायचं. गावात फुलवंताबाईला मान होता, घरात दोघींमध्ये बोलणं उरलं नव्हतं.

श्रावण आला. कानबाईचा गहू काढायला फुलवंताबाई बसली. बोडक्या हाताची कमलबाई लांब, भिंतीशी. एकेका नावाने मूठ सुपात पडत गेली. हिंमतराव झाला, त्याचे मुलगे झाले, धाकट्या पातीतले सगळे झाले. गहू न्यायला आलेल्या बाया अजून अंगणातच होत्या. फुलवंताबाईचा हात पुन्हा पोत्यात गेला आणि बराच वेळ आतच राहिला. मग मूठ बाहेर आली.

कमलबाई भिंतीपासून पुढे सरकली. "हाई मूठ कोनी शे, आत्याबाई?"

फुलवंताबाईने वर पाहिलं नाही. गहू तिच्या बोटांतून सुपात सांडत होता.

"त्यानी पापनी हालनी व्हती," ती म्हणाली. "मी बी देखं व्हतं."