सरांची अकरा गाणी

सर मला शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर ते खुलताबादच्या घरी राहायला गेले आणि तिथं त्यांना भेटायला गेलो तेव्हा मला कळलं की ते गातातही. त्यांची आई आणि मावश्या हळदीला म्हणायच्या ती दखनी गाणी त्यांना तोंडपाठ होती. घरात दुसऱ्या कुणालाच ती येत नव्हती. मला गाण्याच्या बैठका रेकॉर्ड करायचा नाद. तळहाताएवढा डिजिटल रेकॉर्डर घेऊन हिंडतो. वर्षभर मागं लागलो तेव्हा कुठं सर तयार झाले.

रेकॉर्डरनं त्याआधी एकदा दगा दिला होता. गारखेड्यात एका भजनाच्या कार्यक्रमात तो मध्येच अडकला, एकही बटण चालेना. सेल काढून परत घातले तर सुरू झाला. त्यातलं मेमरी कार्ड बदलावं असं तेव्हाच मनात आलं होतं. पुढं दोन-तीनदा नीट चालला आणि मी विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नाही, टाळलं.

त्या रविवारी सकाळी सर इस्त्रीचा कुर्ता घालून, कवळी लावून बसले होते. त्यांच्या मुलीनं पंखा बंद केला, कुकर नंतर लावते म्हणाली आणि स्वतःचा मोबाइल कपाटाला टेकवून उभा केला.

"मी पण घेते भाऊ, असू द्या."

"नको ताई. मध्येच फोन आला तर सगळं बिघडतं. माझ्या मशीनमध्ये लई साफ येतं."

तिनं फोन उचलला आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवला.

सर दोन तास गायले. अकरा गाणी. सातव्याला आईच्या आठवणीनं मध्येच थांबले; पाणी प्यायले आणि ते गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. लाल दिवा जळत होता, आकडे पुढं सरकत होते. शेवटी मी थांबवायचं बटण दाबलं, तर पडद्यावर कार्डात बिघाड असल्याची ओळ आली आणि पडदा तसाच गोठला.

"आया क्या रे सब?" सरांनी विचारलं.

"व्हय सर. छान आलंय."

घरी येऊन पाहिलं. फाइलचं नाव होतं, आत काही नव्हतं. शहरातल्या दोन दुकानांत कार्ड दाखवलं. एकानं हात वर केले, दुसऱ्यानं थोडी खरखर काढून दिली. तेव्हाच जाऊन सांगितलं असतं तर सर रागावले असते आणि पुढच्या रविवारी पुन्हा गायलेही असते. मला लाज आडवी आली. ते फोन करायचे, मी "आवाज साफ करतोय सर" म्हणायचो. असे दीड-दोन महिने गेले आणि सरांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली.

भेटायला गेलो तेव्हा अंगणात मुलीला खरं काय ते सांगितलं. तिनं दोरीवरची वाळलेली चादर काढून तिची घडी घातली.

"माझ्या फोनमध्ये तरी राहिलं असतं," एवढंच म्हणाली. मग हळू आवाजात, "अब्बांना सांगू नका. त्यांना वाटतंय, सगळं आहे तुमच्याकडं."

आत गेलो तर सरांनी चांगला हात उचलून कानाशी नेला आणि माझ्याकडं बघितलं. मुलगीच बोलली, "लाते अब्बा, अगली बार लाते."

त्यानंतर मी दोनदा खुलताबादच्या बसमध्ये बसलो आणि दोन्ही वेळा वाटेतच उतरून परत आलो.