बिनधुराची शेगडी

नंदाबाईचं सारं आयुष्य शेगडीपुढं गेलं. नवरा रामकिसन भोकरदनच्या स्टँडवर भाजलेली कणसं विकायचा, ही निखाऱ्यांना वारा घालायची. घर पिंपळगाव रेणुकाईला, पत्र्याचं. झडीच्या दिवसांत तीच शेगडी बिनधास्त आत यायची, तिच्यावर खिचडी शिजायची, अन् कुणाला शिंकही आली न्हाई. पत्र्याला फटीच तेवढ्या होत्या!

मंग घरकुल मिळालं. वर स्लॅब, लोखंडी दार, घट्ट खिडकी. मागच्या अवकाळीत लाइट गेली, गॅसही संपल्ता. बाईनं सवयीनं शेगडी आत ठेवली, दार लावून शेळ्या बांधायला गेली, अन् त्या कोंडलेल्या कोळशानं आत असलेल्या रामकिसनला नेलं. तेव्हापासून बाई जी गोठली ती गोठलीच. ना रडली, ना कुणाशी भांडली. जेव म्हटलं की जेवायची.

यंदा पुन्हा वादळ आलं. भर दुपारी अंधारून आलं, तारा तुटल्या. गोठ्याचा पत्रा उडाला म्हणून नंदाबाई तिकडं धावली. घरात सून वंदना अन् तिची दोन वर्षांची पोर अक्षता. वंदना काही येडी न्हाई. मामंजी धुरानं गेले अशी तिची पक्की समजूत, म्हणून गारठलेल्या पोरीला ऊब द्यायला तिनं कोळसे बाहेर आडोशाला पेटवले, धूर पार बसू दिला, मंगच शेगडी आत घेतली. पाऊस आत येत होता, म्हणून दार लोटलं.

नंदाबाई परतली तर दार बंद. ढकललं. वंदना डोकं धरून भिंतीला टेकलेली, पोरगी निपचित. बाईनं पोरीला उचललं, सुनेला दंडाला धरून ओढलं अन् दोघींना थेट भर पावसात आणून बसवलं. वंदनाला ओकारी झाली. पोरगी मात्र हलेना. किती हलवली, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठं तिनं भोकाड पसरलं. नंदाबाईला आनंद व्हायला पाहिजे होता. आत काहीच हललं न्हाई.

"धूर तर बिलकुल नव्हता, आत्याबाई," वंदना रडत म्हणाली.

"तवाबी नव्हता."

पाऊस तिघींच्या अंगावरून वाहत होता. मंग नंदाबाई, कुणी न विचारता, सरळ आवाजात बोलली.

"शेळ्या बांधून आले तर हे निजलेले. थकले असतील म्हून म्या उठवलंच न्हाई. ताट झाकून ठिवलं अन् उंबऱ्यात बसून वाट बघितली. तवा जीव व्हता का न्हाई, मला अजून ठावं न्हाई."